हर्नांडेझचा चंद्रोदय

चित्र फार मोठें नाहीं आणि त्यांत रंगहि नाहींत. अर्ध्याहून अधिक भाग काळ्याभोर आकाशानें व्यापिलेला आहे. त्या काळोखांत मध्यभागाजवळ एक लहानसा चंद्र आहे. तो पुरता पूर्ण नाहीं, एका कडेस अद्याप भरावयाचा राहिलेला आहे. त्याच्या खालीं पांढऱ्या ढगांचा लांबच लांब पट्टा पसरला असून त्याच्याहि खालीं हिमाच्छादित शिखरांची ओळ दिसते. आणखी खालीं, रानझुडुपांच्या करड्या पठारावर, मातीच्या घरांचें एक चिमुकलें खेडें, एक जुनें चर्च आणि त्याच्या बाजूस दफनभूमि. त्या दफनभूमींतले क्रूस मावळतीच्या उन्हानें असे उजळले आहेत कीं, पाहणाऱ्याची नजर प्रथम चंद्राकडे जाते कीं त्या क्रुसांकडे, हें सांगणें कठीण व्हावें. माणूस मात्र चित्रांत एकहि दिसत नाहीं.

हें छायाचित्र अमेरिकेचे विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनीं प्रवासांत, रस्त्याच्या कडेला मोटार थांबवून घेतलें. 'मूनराइझ, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' या नांवानें तें जगभर ओळखलें जातें. ॲडम्स यांनीं आपल्या हयातींत त्याच्या तेराशेंहून अधिक प्रती स्वतःच्या हातानें काढून दिल्या, आणि त्यांतली १९४८ सालची एक प्रत २००६ सालीं न्यूयॉर्कच्या सोदबीज पेढीच्या लिलावांत ६,०९,६०० डॉलरांस विकली गेली. एवढी किंमत ज्या एका क्षणाला आली, तो क्षण कोणत्या वर्षाचा हें खुद्द तो टिपणाऱ्याच्या ध्यानांत राहिलें नव्हतें. या चित्रामागची हकीकत ती हीच, आणि ती लिलावाच्या आंकड्यांहून अधिक मनोरंजक आहे.

प्रथम स्थळाविषयीं. न्यू मेक्सिको हा अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतला प्रांत. १८४८ पर्यंत तो मेक्सिकोच्या ताब्यांत होता. त्याला संयुक्त संस्थानांतील एक संस्थान म्हणून मान्यता मिळाली ती १९१२ सालीं. त्यामुळें तेथील खेड्यांतून स्पॅनिश भाषा, कॅथलिक धर्म आणि उन्हांत वाळवलेल्या मातीच्या विटांची घरें हीं पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिलीं. सांता फे या राजधानीच्या उत्तरेस एस्पान्योला हें गांव लागतें, आणि तेथून थोडें पुढें, चामा नदीच्या खोऱ्यांत, हर्नांडेझ हें खेडें आहे. पूर्वेला सांग्रे दे क्रिस्तो पर्वताचीं उंच शिखरें. हवा कोरडी आणि विलक्षण स्वच्छ. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर आश्विन-कार्तिकांत सह्याद्रीचे डोंगर जसे हात लांबवला तर लागतील इतके जवळ भासतात, तशी तेथील स्थिति बाराहि महिने असते. चित्रकार आणि लेखक त्या मुलुखाकडे ओढले गेले ते या उजेडासाठींच.

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें झाला. चार वर्षांचे असतांना १९०६ चा प्रसिद्ध भूकंप झाला आणि त्यानंतरच्या एका धक्क्यांत हें पोर बागेच्या भिंतीवर आदळून त्याचें नाक मोडलें. तें जन्मभर वांकडेंच राहिलें. शाळेंत त्यांचें मन रमेना. वडिलांचा लांकडाचा व्यापार बसत चालला होता, तरी त्या समंजस गृहस्थानें मुलाला मारूनमुटकून वर्गांत बसवलें नाहीं. १९१५ सालीं शहरांत मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें, तेव्हां त्यानें मुलाच्या हातीं वर्षभराचें प्रवेशपत्र दिलें आणि रोज प्रदर्शन पाहणें हीच तुझी शाळा असें ठरवून टाकलें. मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणाऱ्यांनीं या बापाचें उदाहरण सरसकट गिरवूं नये, पण विसरूंहि नये. पुढच्याच वर्षीं, १९१६ मध्यें, हें कुटुंब योसेमिटीच्या दरींत उन्हाळ्याच्या सुटीस गेलें आणि तेथें आईबापांनीं मुलाला कोडॅकचा एक साधा पेटीवजा कॅमेरा दिला. तरीहि ॲडम्स यांचा ओढा होता पियानोकडे. वादक व्हावयाचें म्हणून त्यांनीं कित्येक वर्षें कसून मेहनत केली. १९३० सालीं न्यू मेक्सिकोंतील ताओस या गांवीं त्यांची पॉल स्ट्रँड या छायाचित्रकाराशीं गांठ पडली. स्ट्रँड यांच्याजवळ तेव्हां छापलेलीं चित्रें नव्हतीं, केवळ निगेटिव्ह होत्या. त्या उजेडासमोर धरून पाहतांनाच ॲडम्स यांचा निश्चय झाला कीं, आपण पियानो सोडून कॅमेराच धरावयाचा. म्हणजे हर्नांडेझच्या चंद्रोदयाअगोदर अकरा वर्षें याच मुलुखानें त्यांच्या आयुष्याला वळण दिलें होतें.

आतां १९४१ सालाकडे वळूं. त्या वर्षीं अमेरिकेच्या गृहखात्याचे प्रमुख हॅरल्ड इकीज यांनीं आपल्या खात्याच्या वॉशिंग्टन येथील इमारतींत राष्ट्रीय उद्यानांचीं भव्य भित्तिचित्रें लावण्याचें मनांत आणलें आणि छायाचित्रांचें काम ॲडम्स यांच्याकडे सोपविलें. मेहनताना दिवसास २२ डॉलर २२ सेंट. ज्या दिवशीं सरकारी काम होईल त्या दिवसाचे पैसे मागावयाचे. उरलेले दिवस ॲडम्स यांचे स्वतःचे आणि त्या दिवसांतलीं चित्रेंहि त्यांचींच. वरवर पाहतां ही व्यवस्था सरळ आहे. पण तिच्यामुळेंच हर्नांडेझचें चित्र नेमकें कोणत्या दिवशीं घेतलें, तो दिवस सरकारचा कीं छायाचित्रकाराचा, हा प्रश्न पुढें अभ्यासकांच्या चर्चेचा विषय होऊन बसला.

त्या शरद ऋतूंत ॲडम्स आपल्या मोटारींतून निघाले. बरोबर आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि जुने स्नेही सेड्रिक राइट. राइट हे व्हायोलिन वाजवीत आणि डोंगरांतून हिंडत छायाचित्रेंहि घेत. दोघांचा स्नेह संगीत आणि गिरिभ्रमण या दोन्ही धाग्यांनीं विणलेला होता. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशीं हे तिघे चामाच्या खोऱ्यांत गेले होते. दिवस वांया गेला होता. ॲडम्स यांनीं मागाहून लिहून ठेवलें आहे कीं, एका झाडाच्या बुंध्याशीं त्यांनीं बराच वेळ झटापट केली, पण मनासारखें चित्र कांहीं जुळेना. उन्हें कलल्यावर हताश होऊन तिघे सांता फेकडे परत निघाले. थकलेला बाप मोटार हांकीत आहे, शेजारीं मित्र, बरोबर पेंगुळलेलें पोर आणि मागें अवजड सामानाच्या पेट्या. प्रवासांतल्या अशा संध्याकाळीं कोणाच्या वांट्यास आल्या नाहींत?

हर्नांडेझजवळ येतांच ॲडम्स यांची दृष्टि डावीकडे वळली. पूर्वेस शिखरांच्या वर चंद्र आला होता. पश्चिमेस, त्यांच्या पाठीमागें, सूर्य ढगांच्या कडेशीं टेकला होता आणि त्याचे शेवटचे किरण दफनभूमींतल्या क्रुसांवर पडले होते. गाडी रस्त्याच्या कडेच्या चरांत जातां जातां वांचली. तिच्यांतून उडी टाकून ॲडम्स यांनीं आरडाओरड सुरू केली. राइट आणि मायकेल यांची एकच धांदल उडाली. कोणी तिकाटणें ओढीत आहे, कोणी भिंगाची पेटी उघडीत आहे, कोणी फिल्मची चौकट शोधीत आहे. कॅमेरा म्हणजे खिशांत मावणारी आजची डबी नव्हे. आठ इंच रुंद व दहा इंच लांब फिल्म घेणारा तो लांकडी सांगाडा. तो तिकाटण्यावर चढवावयाचा, भिंगाचे भाग हवे तसे जुळवावयाचे, डोक्यावर काळें कापड घेऊन मागच्या कांचेवर उलटें दिसणारें चित्र नीट बसवावयाचें, मग चौकट सरकवावयाची. हें सारें झालें. भिंग तेवीस इंची जोडलें, त्याला गडद पिवळी कांच लावली, म्हणजे आकाशाची निळाई चित्रांत काळवंडून येईल. आणि आतां किती वेळ उजेड आंत घ्यावयाचा, हें ठरविण्यासाठीं प्रकाशमापक हवा, तर तो सांपडेना!

ज्या श्रोत्यांनीं कधीं कॅमेरा हाताळला असेल त्यांस या क्षणाची भीति सांगावयास नको. समोरचा उजेड मिनिटामिनिटास उतरत आहे. अंदाज चुकला तर चित्र काळेंठिक्कर तरी होणार किंवा विटून तरी जाणार. त्या घाईंत ॲडम्स यांना एक आंकडा आठवला. पूर्ण भरत आलेल्या चंद्राचें तेज दर चौरस फुटास सुमारें २५० कँडल असतें. हा आंकडा त्यांना ठाऊक होता, कारण एकदोन वर्षांपूर्वींच त्यांनीं फ्रेड आर्चर या सहकाऱ्याबरोबर लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेंत उजेडाचें एक गणितच बसविलें होतें. गर्द काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या पाडावयाच्या. मधली पायरी पांचवी. प्रत्येक पायरी खालचीच्या दुप्पट उजळ. दृश्यांतली अमुक वस्तु अमुक पायरीवर यावी असें छायाचित्रकारानें अगोदर ठरवावयाचें आणि त्यावरून वेळ काढावयाचा.

हें गणित पाटीवर मांडण्याजोगें आहे. चंद्र त्यांनीं सातव्या पायरीवर ठेवला. सातवी पायरी पांचवीच्या चौपट उजळ. म्हणून २५० ला चारांनीं भागलें असतां मधल्या पायरीस सुमारें ६० येतात. फिल्मचा वेग होता ६४, आणि ६४ चें वर्गमूळ आठ. त्यावरून आठ अंकाच्या छिद्रास एका सेकंदाचा साठावा भाग इतका वेळ येतो. पिवळी कांच तिप्पट उजेड मागते, म्हणजे वेळ झाला विसावा भाग. पण जवळच्या झुडुपांपासून दूरच्या शिखरांपर्यंत सारें रेखीव हवें, यासाठीं छिद्र बत्तीस अंकापर्यंत बारीक केलें पाहिजे. तेथें उजेड सोळाव्या हिश्शानें येतो. विसाव्या भागाला सोळांनीं गुणिलें तर सेकंदाला थोडें कमी पडतें. ॲडम्स यांनीं पुरा एक सेकंद धरला आणि कळ दाबली. पियानो शिकतांना मनांतल्या मनांत ताल मोजण्याची लागलेली संवय येथें उपयोगीं पडली असेल, असें म्हणण्याचा मोह होतो.

सावधगिरी म्हणून दुसरी फिल्म घ्यावी असें त्यांच्या मनांत आलें. त्यांनीं चौकट उलटी करून पुन्हां बसविली, झांकण ओढलें. आणि तेवढ्यांत क्रुसांवरचें ऊन निघून गेलें. दुसरें चित्र झालें नाहीं. त्या संध्याकाळची एकच निगेटिव्ह आहे.

ती धुण्याचें कामहि जोखमीचें होतें. चंद्र आणि ढग तेजस्वी, खालचें पठार अंधुक. सरसकट औषध चढविलें तर वरचा भाग जळून जाणार. म्हणून ॲडम्स यांनीं सौम्य औषध वापरून फिल्म आळीपाळीनें औषधांत व साध्या पाण्यांत अशी दहा वेळां बुडविली. निगेटिव्ह वांचली, पण तिचा खालचा भाग फार पातळ राहिला. तिच्यावरून प्रत काढणें म्हणजे दर वेळीं नवी परीक्षा. अंधाऱ्या खोलींत दिव्याखालीं कागद ठेवून, हातांतल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यानें कोठें उजेड अडवावयाचा, कोठें अधिक पडूं द्यावयाचा, आणि हें सारें हात सतत हालता ठेवून, नाहीं तर कडा उमटतात. शेवटीं १९४८ सालीं त्यांनीं धाडस केलें. ती एकुलती एक निगेटिव्ह पुन्हां धुऊन, तिचा क्षितिजाखालचा भाग तेवढा घनता वाढविणाऱ्या रसायनांत हलक्या हातानें खालींवर करीत बुडविला. हात चुकता तर चित्र कायमचें जातें. तो चुकला नाहीं, आणि पठारावरच्या झुडुपांना व घरांना पूर्वीं नव्हता तो उठाव आला.

येथें एका गोष्टीचा उलगडा करणें अवश्य आहे. त्या संध्याकाळीं हर्नांडेझवरचें आकाश काळें नव्हतें. सूर्य अजून मावळावयाचा होता. सुरुवातीच्या प्रतींत आकाश बरेंच उजळ असून वरच्या भागांतहि फिकट ढगांच्या रेषा दिसतात. ॲडम्स यांनीं वर्षानुवर्षें प्रती काढतांना ते ढग हळूहळू काळोखांत मिटविले. उतारवयांतल्या प्रतींत तर आकाश शाईसारखें झालें आहे. मग हें चित्र खरें कीं खोटें? कांहीं टीकाकारांनीं या प्रश्नावरून नाकें मुरडलीं. ॲडम्स यांनीं स्वतः ही गोष्ट कधीं लपविली नाहीं. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली चीज आणि प्रत म्हणजे तिचें गायन, अशा आशयाची उपमा ते देत असत. एकच चीज गवई तरुणपणीं एका तऱ्हेनें गातो आणि वयस्क झाल्यावर दुसऱ्या तऱ्हेनें. त्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. उपमा समर्पक आहे यांत शंका नाहीं, तरी ती पूर्णपणें पटत नाहीं. गाण्यांतून कोणी एकाद्या दिवसाच्या हवामानाची साक्ष काढीत नाहीं, छायाचित्रांतून काढतात. बहुधा असें म्हणणें न्याय्य होईल कीं, चंद्र, शिखरें, चर्च आणि क्रूस हें त्या दिवसाचें आहे, आणि आकाश ॲडम्स यांच्या पुढल्या चाळीस वर्षांचें आहे.

चित्र लोकांपुढें आलें तें 'यू. एस. कॅमेरा' या वार्षिकाच्या १९४३ च्या अंकांत. निवड करणारे होते एडवर्ड स्टायकेन. मध्यंतरीं जगाचें रूप पालटलें होतें. चित्र घेतल्यानंतर पांच आठवड्यांनीं, ७ डिसेंबर १९४१ रोजीं, जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका युद्धांत उतरली. गृहखात्याच्या भित्तिचित्रांची योजना १९४२ मध्यें गुंडाळली गेली; ॲडम्स यांनीं तिच्यासाठीं दिलेलीं २२६ छायाचित्रें सरकारी दप्तरखान्यांत पडून राहिलीं. ज्या कामासाठीं प्रवास केला तें काम असें बाजूस पडलें, आणि परतीच्या वाटेवर अवचित हातीं लागलेलें चित्र जगभर गेलें. पुढें त्याला एवढी मागणी आली कीं, १९७५ अखेर आपण नव्या प्रतींच्या मागण्या घेणें बंद करणार असें ॲडम्स यांनीं जाहीर केलें, तेव्हां त्यांच्याकडे त्यांच्या निरनिराळ्या चित्रांच्या मिळून सुमारें ३,००० प्रतींची मागणी जमा झाली. म्हातारपणींचीं कित्येक वर्षें त्यांनीं अंधाऱ्या खोलींत त्या पुऱ्या करण्यांत घालविलीं, आणि त्यांत हर्नांडेझचा चंद्र पुन्हांपुन्हां उगवावा लागला.

आतां तिथीची गोष्ट. ज्या माणसाला चंद्राचें तेज चौरस फुटास किती हें तोंडपाठ होतें, त्याला आपण तो चंद्र कोणत्या सालीं पाहिला हें सांगतां येईना! ॲडम्स यांना तारखा लिहून ठेवण्याची शिस्त नव्हती. या चित्राखालीं कधीं १९४०, कधीं १९४१, कधीं १९४२, तर कधीं १९४४ असें साल पडत गेलें. त्यांचे स्नेही व छायाचित्रणाचे इतिहासकार बोमाँट न्यूहॉल यांना हें सहन होईना. इतिहास लिहिणाऱ्याला सालाचा घोळ म्हणजे चपलेंतला खडा. मग न्यूहॉल यांना सुचलें कीं, साक्षीदार तर चित्रांतच बसला आहे. चंद्र आकाशांत अमक्या उंचीवर, अमक्या दिशेस, अमक्या कलेचा असा फिरून फिरून थोडाच येतो? शिखरें जागचीं हालत नाहींत. तेव्हां कॅमेरा कोठें उभा होता तें एकदां ठरलें, कीं शिखरांच्या मानानें चंद्राचें स्थान मोजावें आणि गणितानें उलट जावें. ज्यांच्या घरीं पंचांग आहे त्यांना या युक्तीचें मर्म चटकन् कळेल.

हें काम कोलोरॅडोंतील बोल्डर येथील हाय ऑल्टिट्यूड वेधशाळेचे डेव्हिड एल्मोर यांनीं अंगावर घेतलें. नकाशे व गणकयंत्र यांच्या साहाय्यानें त्यांनीं उत्तर काढलें: ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारचे ४ वाजून ३ मिनिटें. ॲडम्स यांना मोठें समाधान वाटलें. १९८३ सालीं आपल्या चाळीस चित्रांच्या जन्मकथांचें पुस्तक त्यांनीं प्रसिद्ध केलें, त्यांत त्यांनीं या गणिताचा उल्लेख करून हीच तारीख स्वीकारली.

परंतु प्रकरण येथें मिटलें नाहीं. डेनिस डि चिको नांवाच्या ज्योतिर्विदानें एल्मोर यांचे आंकडे ताडून पाहिले, तेव्हां त्या वेळेस चंद्र चित्रांतल्या जागीं येत नाहीं असें त्याला आढळलें. चूक चंद्रांत नव्हती, गणितांतहि फारशी नव्हती; ती होती उभें राहण्याच्या जागेंत. हमरस्ता पूर्वीं दुसरीकडून जात होता. ॲडम्स यांची मोटार थांबली होती ती जुन्या रस्त्यावर, एल्मोर यांनीं धरलेल्या जागेच्या पन्नासएक फूट पश्चिमेस. दूरच्या शिखराशीं चंद्राची तुलना करतांना पायाखालचे पन्नास फूटसुद्धां फरक पाडतात. नव्या जागेवरून मांडलेल्या गणिताचें उत्तर आलें: १ नोव्हेंबर १९४१, दुपारचे ४ वाजून ४९ मिनिटें आणि २० सेकंद. एल्मोर यांनींहि नवीं मापें तपासून हा निकाल मान्य केला, आणि १९९१ सालीं तो 'स्काय अँड टेलिस्कोप' या मासिकांत प्रसिद्ध झाला. म्हणजे पहिला अंदाज एका दिवसानें व पाऊण तासानें हुकला होता.

त्या तारखेकडे आतां जरा थांबून पाहावें. १९४१ सालीं दिवाळीची अमावास्या २० ऑक्टोबरच्या सुमारास होती; तेव्हां १ नोव्हेंबर म्हणजे कार्तिकाचा शुद्ध पक्ष, आणि पौर्णिमेला दोनतीन दिवसांचा अवकाश. चित्रांतला चंद्र एका कडेस न भरलेला दिसतो तो त्यामुळेंच. कॅथलिक लोकांच्या पंचांगांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस, आणि दुसरा दिवस मृतात्म्यांचा. त्या दिवशीं कॅथलिक गांवांत लोक आपल्या माणसांच्या कबरींवर जातात, त्या साफसूफ करतात, फुलें व दिवे ठेवतात. ज्या क्रुसांवर ॲडम्स यांनीं मावळतें ऊन पाहिलें, त्यांच्या खालीं निजलेल्या शेतकऱ्यांसाठीं वर्षांतून एकदां येणारा तो दिवस दुसऱ्या दिवशीं उजाडावयाचा होता. ॲडम्स यांनीं हें कोठें नमूद केलेलें नाहीं, आणि त्यांना त्याची कल्पना असण्याचें कारणहि नव्हतें. त्यांना तर तारीखच आठवत नव्हती. चित्र सजविण्याकरितां हा योग कोणी जुळवून आणलेला नाहीं. तो केवळ चंद्राच्या गणितांतून पन्नास वर्षांनीं निघाला, एवढेंच.

ॲडम्स यांना मात्र तो कळला नाहीं. २२ एप्रिल १९८४ रोजीं ते वारले, तेव्हां त्यांच्या समजुतीप्रमाणें त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध चित्राची तारीख ३१ ऑक्टोबर हीच होती. सेड्रिक राइट तर त्यापूर्वींच, १९५९ सालीं, निवर्तले होते. ती एकुलती निगेटिव्ह ॲडम्स यांच्या इतर संग्रहासह ॲरिझोना विद्यापीठाच्या टूसान येथील छायाचित्र-केंद्रांत जतन केलेली आहे. आणि हर्नांडेझला जो रस्ता एका उतरत्या संध्याकाळीं त्या तिघांना सांता फेकडे घेऊन चालला होता, त्याच्यावरून आतां रहदारी नाहीं. मोटारी बाजूच्या नव्या हमरस्त्यानें भरधांव जातात, आणि डावीकडे पाहिलें तरी चंद्र त्या जागेवरून थोडा सरकलेलाच दिसतो.